आधी सर्व्हर, मग मेन

टक्.

मग थोडं थांबून, टक् टक्.

दुपारचे पावणेतीन वाजले होते. दादरच्या त्या दोन खोल्यांत पंख्याच्या घरघरीशिवाय कसला आवाज नव्हता. रुचा झोपली या भरवशावर नूपुरने नुकताच लॅपटॉप उघडला होता. चार वर्षांचं पोर दुपारी डोळे मिटतं तो दीड तास, घरी असली की तेवढंच नूपुरचं ऑफिस. सकाळ डब्यांची, संध्याकाळ बागेची, आणि रात्री तर रुचाला गोष्ट सांगता सांगता तीच आधी घोरायला लागायची. त्यामुळे तो आवाज ऐकून तिला आधी आली ती चीड. दबक्या पावलांनी ती आतल्या खोलीच्या दाराशी गेली.

रुचा पलंगावर मांडी घालून बसली होती. समोर अस्वल आडवं, त्याच्या पोटावर हातरुमाल. डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात एक काळी वायर होती आणि तिचं टोक शेजारच्या स्टीलच्या डब्यावर आपटून त्या इंजेक्शनची तयारी करत होत्या.

"बोलू नकोस," रुचा म्हणाली. "पेशंट आत्ताच झोपलाय."

नूपुरला हसू आलं. हसता हसताच तिची नजर वायरच्या टोकाकडे गेली. एक टोक चपटं, दुसरं चौकोनी, आणि मधे गुंडाळलेल्या पांढऱ्या चिकटपट्टीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं: बॅटरी.

"ही वायर कुठून आणलीस?"

"तुझ्या बॅगेतून. कधीचीच. मी बालवाडीत पडले होते ना, तेव्हाची."

नूपुर पलंगाच्या कडेवर बसली. रुचाने तत्परतेने वायरचं टोक तिच्या छातीला लावलं, डोळे बारीक करून ऐकलं आणि "खूप धावतंय" असं सांगून टाकलं.

परळच्या हॉस्पिटलांत गावोगावचे पेशंट येतात. त्यांना रक्त, प्लेटलेट देणारी माणसं शोधून द्यायची, एवढंच एक काम करणारं छोटंसं मंडळ तिथल्याच एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. नऊ हजार रक्तदात्यांची नावं, रक्तगट, फोन, कोणी शेवटचं रक्त कधी दिलं, हे सगळं एका सर्व्हरमध्ये. तो सर्व्हर सांभाळणं ही नूपुरची अर्धवेळ नोकरी. रुचा झाल्यावर तिने मोठ्या कंपनीतली नोकरी सोडली, आणि ही धरली ती मुख्यतः मंडळाचे सेक्रेटरी माधवकाका "मुलीला घेऊन ये की, त्यात काय" म्हणाले म्हणून. मंडळाच्या बाकावर रुचा रांगली, बाकाला धरूनच उभी राहिली. आणि नूपुर मान खाली घालून काम करत असायची तेव्हा तिच्याकडे बघायला बाबुराव असायचे.

बाबुराव म्हणजे ऑफिसची किल्ली, झाडू, चहा आणि टेलिफोन. वय अडुसष्ट. राहायला घोडपदेवला, मूळ गाव मालवणकडचं. तरुणपणी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते; संप झाला, गिरणी गेली, मग इकडेतिकडे करत मंडळात आले आणि तीस वर्षं इथेच राहिले. रुचा त्यांना आजोबा म्हणायची आणि ते तिला "काय गो चेडवा" म्हणून हाक मारायचे. तिच्या पहिल्या पडलेल्या दाताची पुडी त्यांनीच बांधून नूपुरच्या हातात दिली होती. दात म्हणजे काय, घसरगुंडीने काढलेला अर्धा तुकडा, रुचाने त्यांना दाखवायला मुठीत आणलेला. पण ते नंतरचं.

मुंबईच्या या भागात वीज सहसा जात नाही. मंडळाच्या ऑफिसात मात्र ती रोज संध्याकाळी साडेसातला न चुकता जायची, कारण घरी निघताना बाबुराव मेन बंद करायचे. फार पूर्वी शेजारच्या गाळ्यात शॉर्टसर्किट होऊन आग लागली होती, मंडळाच्या वह्या बंबाच्या पाण्याने भिजल्या होत्या. तेव्हापासूनचा हा नियम: शेवटचा माणूस मेन बंद करून जाणार. दिवे, पंखे, गणपतीच्या तसबिरीपुढचा लाल बल्ब, सगळंच बंद. सर्व्हर असा बंद करत नाहीत, हे नूपुरने माधवकाकांना समजावून पाहिलं. रात्री रक्तदाते झोपतात, मग मशीन झोपलं तर काय बिघडलं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तिने एका कागदावर ठळक लिहून भिंतीला चिकटवलं: आधी सर्व्हर, मग मेन.

बाबुरावांनी तो कागद देवासारखा पाळला. सर्व्हर बंद करायचं बटण दाबायचं, आणि त्याचा हिरवा दिवा विझेपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसून राहायचं. कधी पाच मिनिटं, कधी वीस. त्यात त्यांची बस चुकायची. घरी बायको, लक्ष्मीवहिनी, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पडलेल्या. जाऊन भाकऱ्या यांनाच थापायच्या असायच्या. हे एकदा सहज बोलण्यात आलं आणि नूपुरला वाईट वाटलं. म्हणून तर तिने माधवकाकांच्या मागे लागून यूपीएस मागवला.

तो आला त्या दिवशी तिने बाबुरावांना समजावून सांगितलं होतं. मेन बंद झाला की हा डबा आपली बॅटरी सर्व्हरला देणार, आणि या काळ्या वायरीतून त्याला कळवणार की बाबा रे, वीज गेली. सर्व्हर पाच मिनिटं वाट बघणार, हातातलं लिहिणं पुरं करणार आणि स्वतःहून शिस्तीत बंद होणार. कोणी थांबायला नको.

"म्हणजे कंदील घेऊन पोचवायला जायला नको," बाबुराव म्हणाले होते. "आपला आपण घरी जाणार."

सगळं जोडून झालं. खरोखर मेन बंद करून बघायचं तेवढं राहिलं होतं. माधवकाकांना दुपारी बाहेर जायचं होतं, आणि कामाच्या वहीत नोंद नसली तर ते बिलावर सही करत नसत. म्हणून नूपुरने सकाळीच लिहून टाकलं, 'यूपीएस बसवला, चाचणी झाली.' तासाभरात होणारच होती. मग पाच मिनिटांची सात मिनिटं करावीत असं तिला वाटलं. तेवढ्यासाठी तिने ती काळी वायर सर्व्हरमधून काढून आपल्या लॅपटॉपला लावली, आकडा बदलला, आणि बालवाडीतून फोन आला.

रुचा घसरगुंडीवरून तोंडावर पडली होती. ओठ फाटला होता, दात तुटला होता, खूप रक्त येत होतं. लॅपटॉप, वायर, टेबलावर होतं नव्हतं ते नूपुरने बॅगेत कोंबलं. दारात बाबुराव तिची चप्पल सरळ करून उभे होते. त्यांना पाहून, जाता जाता, एक चांगली गोष्ट तरी आज पुरी करावी अशा घाईने ती म्हणाली, "बाबुराव, आजपासून थांबू नका. मेन बंद करा नि सरळ घरी जा. ते आपोआप होईल."

"नक्की ना, ताई?"

"नक्की."

रुचाच्या ओठाला दोन टाके पडले. दोन दिवसांनी नूपुर पुन्हा ऑफिसच्या कामाला लागली तेव्हा यूपीएस हे तिच्या डोक्यात झालेलं काम होतं. वहीत तसं लिहिलेलंच होतं.

आता पलंगाच्या कडेवर बसून ती ते दिवस एकेक करून मोजत होती. साडेसातला मेन बंद. रिकाम्या ऑफिसात यूपीएस टीं टीं करत राहिला असेल. सर्व्हरला कोणी काही कळवलंच नव्हतं, तो बिचारा बॅटरीवर काम करत बसला असेल; आणि चाळीस मिनिटांनी बॅटरी संपली की वाक्य अर्धवट टाकून गप्प. सकाळी बाबुराव मेन चालू करायचे, तो उठायचा. असा तो अकरा वेळा उठला. बाराव्या सकाळी नाही उठला.

तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. त्याआधीची प्रत होती, त्यानंतरचं काही नव्हतं. तीन दिवस मंडळाची मुलं जुन्या यादीवरून फोन करत राहिली आणि फोन लागायचा तो गेल्याच महिन्यात रक्त दिलेल्या, इतक्यात पुन्हा देता न येणाऱ्या माणसाला. सोलापूरकडचे एक वडील मुलीसाठी प्लेटलेट हव्यात म्हणून सकाळपासून त्या बाकावर बसले होते. संध्याकाळी सातला दाता मिळाला. मिळाला. कोणाचं काही बरंवाईट झालं नाही, हे नूपुरने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता ते ऐकताना तिला तिचाच संशय यायचा.

पण आत्ता तिला आठवत होतं ते वेगळंच. त्या सकाळी ती पोचली तोवर माधवकाका आणि बाबुराव यांनी सगळ्या वायरी उपटून सर्व्हर टेबलावर आणून ठेवला होता. एक वायर कमी भरली. गडबडीत कुठे पडली असेल म्हणून तिने ड्रॉवरमधली दुसरी घेतली. माधवकाकांनी विचारलं, हे झालं कसं? रुचा कडेवर होती, खाली उतरायला वळवळत होती, आणि नूपुरने सहज, केवळ तर्क म्हणून सांगितलं की वीज गेली की यूपीएस वाजत राहतो. तो आवाज बंद करायला कोणी बटण दाबलं असेल, तर मात्र असं होऊ शकतं.

कोणी. त्या ऑफिसात साडेसात वाजता कोणी म्हणजे एकच माणूस.

माधवकाकांनी बाबुरावांना विचारलं. ते म्हणाले, नाही दाबलं. दुपारी कमिटीचे दोघे आले, त्यांच्यासमोर पुन्हा विचारलं. संध्याकाळी तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा बाबुराव फरशीकडे बघत म्हणाले, "आठवत नाही. दाबलं पण असेल." आणि थांबला होतात का? नाही थांबलो. भिंतीवर एवढं लिहिलंय तरी? यावर त्यांनी त्या कागदाकडे एकदा पाहिलं. नूपुर दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मीच सांगितलं होतं त्यांना, एवढं म्हणायला तिला श्वासभरसुद्धा वेळ लागला नसता. पण तिला वाटलं, आपली व्यवस्था तर चोख होती, मग ते थांबले काय नि न थांबले काय. उगाच गुंता कशाला. असं वाटेपर्यंत माणसं दुसऱ्या विषयावर गेली.

कमिटीने ठरवलं की वय झालं, महिनाअखेरीपासून बाबुरावांनी विश्रांती घ्यावी. काढलं, असा शब्द कोणी वापरला नाही. रविवारी छोटासा निरोप समारंभ, शाल आणि श्रीफळ.

नूपुरने लॅपटॉप पुढे ओढला. ऑफिसचे आपोआप येणारे मेल एका कप्प्यात जाऊन पडायचे आणि तो कप्पा ती महिन्यातून एकदा उघडायची. या महिन्यात तोही नाही. आता उघडला. 'बॅटरीशी संपर्क नाही.' एकाखाली एक, पहिला वायर काढली त्या दिवसाचा आणि मग रोज सकाळचा एक, असे बारा. ही सूचना आपल्याला यावी अशी सोयही तिनेच करून ठेवली होती.

"आई," रुचाने तिचा हात हलवला, "पेशंटला घरी सोडू?"

दुसऱ्या दिवशी ती माधवकाकांकडे गेली. रुचाला बरोबर न्यावंच लागलं. आयुष्यभर फायलींत राहिलेले माधवकाका माणूस म्हणून फार चांगले. कोणाचं ऐकून घ्यायचं तर चष्मा काढून, तो घडी करून, मग ऐकायचे. नूपुरने काही हातचं न राखता सांगितलं. वायर, वहीतली नोंद, दारातलं ते 'नक्की', बारा मेल.

"बरं केलंस सांगितलंस," काका म्हणाले आणि तिला वाटलं, सुटले. मग त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "तू सांगितलंस, मी ऐकलं. आता हे इथेच राहू दे."

"पण बाबुराव..."

"अगं, अडुसष्टाचे आहेत ते. आज ना उद्या थांबायचंच होतं. आपण त्यांना हाकलत नाही आहोत, मानाने निरोप देतोय."

पुढचं त्यांनी अगदी मायेने सांगितलं. कमिटीपुढे हे गेलं तर ते म्हणणार, बाहेरच्या कंपनीला काम द्या. गेलेल्या नोंदी कागदांवरून परत चढवायचं काम अजून अर्धं बाकी आहे, ते कोण करणार? आणि कंपनीत काय, पोराला घेऊन बसू देतात होय? हे बोलता बोलता त्यांनी डबा उघडून रुचाच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. त्यात धमकी कुठेच नव्हती. असती तर नूपुरला भांडता आलं असतं.

"बरं, काका," ती म्हणाली.

ते दोन शब्द बसमध्ये घरापर्यंत तिच्या दातांत अडकून राहिले. संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. सौमित्र कपड्यांच्या घड्या घालत होता. सगळं ऐकून तो म्हणाला की तू सांगितलंस ना, मग आता तो काकांचा प्रश्न. नेमकं हेच ऐकायला ती त्याच्याजवळ गेली होती. आणि ते ऐकल्यावर मात्र पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलावरून तिने त्याच्याशी असं कडकडीत भांडण काढलं की रुचा मधे येऊन दोघांनाही "कट्टी नाही करायची" म्हणून दम देऊन गेली.

रविवारी ती तासभर आधीच पोचली. सर्व्हरचं काम आहे असं घरी सांगून निघाली होती, आणि रुचा मागे लागलीच. ऑफिस उघडं होतं. बाबुराव कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बाह्या दुमडून, मोरीत चहाचे पेले धूत होते. स्वतःच्या निरोपाचे. नव्या माणसाला पेले कुठे असतात ते ठाऊक नाही, असं म्हणाले. "काय गो चेडवा" म्हणून त्यांनी ओल्या हाताने रुचावर पाणी उडवलं. ती किंचाळत बाहेरच्या खुर्च्यांमध्ये पळाली.

नूपुरने फडकं घेतलं आणि पेले पुसायला उभी राहिली.

"ताई, एक विचारू?" बाबुराव पेल्याकडे बघतच म्हणाले. "मी बटण दाबलं, ते तुम्हाला मशिनीत दिसलं काय? म्हणजे त्यात लिहून येतं ना सगळं."

"का हो?"

"मला आठवत नाही म्हणून." त्यांनी नळ बारीक केला. "माझा मोठा भाऊ असाच विसरायला लागला होता. आधी पंखा बंद करायचा विसरला, मग गॅस, मग आमची नावं. शेवटी शेवटी मला शेठ म्हणायचा. माझं पण तेच सुरू झालं असेल तर आधी कळलेलं बरं. लक्ष्मीला बोललो नाही अजून. तीन आठवडे झाले, रात्री उठून गॅस बघून येतो. बघितला की परत वाटतं, बघितला की नाही बघितला?"

मग म्हणाले, "आठ वर्षं साच्यावर होतो. मशीन पुरतं थांबल्याशिवाय कधी खात्याबाहेर पाय नाही टाकला. आणि इथे बटण दाबलं आणि आठवत नाही."

नूपुरने फडकं ठेवलं. "तुम्ही बटण दाबलं नव्हतं, बाबुराव. ती काळी वायर मी लावलीच नव्हती. रुचा पडली त्या दिवशी माझ्या बॅगेतून घरी गेली. बुधवारी सापडली. तुमची काही चूक नव्हती."

पेला त्यांच्या हातात तसाच राहिला. पाणी भरून काठावरून वाहायला लागलं.

"म्हणजे मी दाबूक नाय?"

"नाही."

त्यांनी नळ बंद केला. त्यांचा चेहरा असा काही मोकळा झाला की नूपुरला तिकडे बघवेना. ते हसायला लागले. "बरां झाला," ते म्हणाले. "म्हणजे डोक्या शाबूत आसा." आणि ओल्या हाताने त्यांनी स्वतःच्या कपाळावर दोनदा टिचकी मारली, जसं कोणी नारळ वाजवून बघतं.

मग काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं. "माधवरावांना ठाऊक आहे हे?"

"हो. गुरुवारी सांगितलं मी."

हसू लगेच गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, मग तोंडावरून. "असं," ते म्हणाले. त्यांनी पेला तबकात पालथा घातला. मग दुसरा. मग तिसरा. "थांबू नका म्हणून तुम्ही सांगितलं होतं, ते मी कोणाला बोललो नाही. तुमचं पोर कडेवर होतं." त्यात टोमणा नव्हता. चहाची पावडर कुठल्या डब्यात आहे ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

"मी आज सगळ्यांसमोर सांगते," नूपुर म्हणाली.

बाह्या खाली घेऊन बाबुरावांनी बटणं लावली. "माणसं यायला लागतील," ते म्हणाले, "खुर्च्या लावून घेऊ."

माणसं आली. चाळीसेक तरी होती. जुने रक्तदाते, कमिटी, फोन करणारी मुलं. लक्ष्मीवहिनी काठी टेकत आल्या, जरीच्या साडीत, आणि त्यांना पहिल्या रांगेत मध्यावर बसवलं. नूपुर कडेच्या खुर्चीवर होती, रुचा तिच्या मांडीवर. एकच वाक्य बोलायचं होतं. ती वायर माझ्याकडून राहिली, बाबुरावांचा यात काही संबंध नाही. तिने ते मनात जुळवलं, लहान केलं, आणखी लहान केलं. पहिलं भाषण संपलं की उठायचं. ते संपलं तर लगेच दुसऱ्याने माइक घेतला. दुसऱ्यानंतर एका बाईंना बाबुरावांच्या चहावर बोलायचं होतं आणि त्या इतक्या छान बोलल्या, माणसं इतकी हसली, की त्या हसण्यात शिरायला नूपुरला जागा सापडली नाही. प्रत्येक वेळी तिचे पाय जमिनीला लागायचे, टाचा उचलल्या जायच्या, आणि मांडीवरची रुचा म्हणायची, "आई, हलू नकोस ना."

शेवटी माधवकाका उठले. ते चांगलं बोलतात. गिरणीपासून सुरुवात करून मंडळापर्यंत आले. भिजलेल्या वह्या बाबुरावांनी एकेक पान सुटं करून दोरीवर कशा वाळवल्या होत्या ते सांगितलं. नूपुरला हे ठाऊक नव्हतं.

"आता माणूस म्हटला की चूक आलीच," माधवकाका म्हणाले. "तीस वर्षांत बाबुरावांच्या हातून एकच चूक झाली. ती मंडळाने मोठ्या मनाने पोटात घातली, आणि त्यांचं तीस वर्षांचं काम आम्ही डोक्यावर घेतो."

टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत लक्ष्मीवहिनींनी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि माधवकाकांकडे बघून दोन्ही हात जोडले. बाबुराव समोरच्या खुर्चीवर ताठ बसून होते. ते नूपुरकडे बघत नव्हते. ते कोणाकडेच बघत नव्हते.

आणि माधवकाकांनी माइकमध्ये सांगितलं की बाबुरावांना शाल आणि श्रीफळ आपल्या नूपुरताई देतील, कारण त्यांच्या रुचाला बाबुरावांनीच खेळवलं, वाढवलं. त्यांना मनापासून ते गोड वाटलं असणार. कोणीतरी नारळ रुचाच्या हातात दिला. तिने तो छातीशी घट्ट धरला आणि आईच्या पुढे पुढे चालू लागली. आज्जी लोक कौतुकाने हसले.

शाल अजून दुकानातल्या घडीतच होती. नूपुरने ती उलगडली. बाबुराव उठले आणि ती ठेंगणी, म्हणून तिच्यासाठी थोडे वाकले. त्यांच्या खांद्यावर शाल टाकताना तिला त्यांच्या शर्टाचा इस्त्रीचा वास आला. माइक समोरच होता, हातभर अंतरावर. वाक्य तयार होतं. फोटो काढणाऱ्या मुलाने इकडे बघा म्हटलं, आणि सगळे क्षणभर गप्प झाले.

त्या गप्पपणात रुचाने नारळावरून मान वर केली. भाषण तिने नीट ऐकलं होतं. बालवाडीत कोणाची चूक झाली तर बाई आधी सांगतात कुठली, मग बाकीचं. तिने बाबुरावांकडे पाहिलं, मग आईकडे, आणि तिच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं,

"आई, आजोबांनी काय चूक केली?"